एकानं ओढायचं, दुसऱ्यानं सोडायचं

मंडळी, हा लेख वाचण्यापूर्वी एक छोटासा प्रयोग करून बघा. जेवणाच्या टेबलाशी बसा, उजव्या हाताची मूठ टेबलाच्या खालून लावा आणि टेबल वर उचलायचा प्रयत्न केल्यासारखं करा. (खरोखर उचलू नका, वर चहाचे कप असतील!) आता डाव्या हातानं उजवा दंड चाचपा. पुढची बेटकुळी टणक लागेल आणि दंडाची मागची बाजू मऊ. मग तीच मूठ टेबलावर ठेवून खाली दाबा. आता उलटं झालेलं दिसेल. मागची बाजू घट्ट, बेटकुळी मऊ. शेवटी, लहानपणी भावंडांवर रुबाब करण्यासाठी जसा हात वाकवून दाखवायचो, तसा दाखवा. आता दोन्ही बाजू कडक!

या तिन्ही गोष्टी करताना तुम्ही स्नायूंचा विचार केला नाहीत. 'बेटकुळी आवळ, मागचा स्नायू सैल सोड' असा हुकूम कुणी मनातल्या मनातसुद्धा दिला नाही. तरीही तो दिला गेला आणि पाळलाही गेला. तो कोण देतं, कुठून देतं आणि देणारा बिघडला तर काय होतं, याची ही गोष्ट आहे.

आम्ही दोघं ही गोष्ट सांगायला बसलो त्याला कारण आहे. आमच्यापैकी एकजण फिजिओथेरपिस्ट, दुसरा शाळेत जीवशास्त्र शिकवणारा. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभं राहिलं की हल्ली निम्मे प्रश्न आई-वडिलांच्या तब्येतीचे असतात. त्यातला एक पुन्हा पुन्हा कानावर येतो. "बाबांना स्ट्रोक येऊन गेला. हात वाकडा धरून बसतात. कितीदा सांगितलं, जरा सैल सोडा, पण सोडतच नाहीत." यातल्या 'सोडतच नाहीत' या दोन शब्दांत बराच राग असतो आणि बराचसा गैरसमजही. सैल सोडणं म्हणजे काहीच न करणं, असं आपण सगळेच धरून चालतो. प्रत्यक्षात सैल सोडणं हे मज्जासंस्थेचं एक काम आहे आणि इतर कामांसारखंच तेही बंद पडू शकतं.

स्नायूला ढकलता येत नाही

सुरुवात अगदी साध्या गोष्टीपासून करू. आपल्या शरीरात सहाशेच्या वर स्नायू आहेत आणि हाडं हलवणाऱ्या प्रत्येकाला एकच विद्या येते, ती म्हणजे आखडून ओढणं. ढकलणं कुणालाच येत नाही. कोपर वाकवलं ते पुढच्या स्नायूनं ओढून, पण ते पुन्हा सरळ करायचं तर मागच्या बाजूनं ओढणारा दुसरा कुणीतरी हवा. म्हणून जवळजवळ प्रत्येक सांध्याभोवती स्नायूंची जोडी किंवा विरुद्ध बाजूंचे दोन गट असतात. मांडीचा पुढचा गट गुडघा सरळ करतो, मागचा वाकवतो. पोटरी टाच उचलते, नडगीवरचा स्नायू चवडा उचलतो.

आता ही विरोधकांची जोडी नांदवायची कशी? दोघांनी एकदम ओढलं तर रस्सीखेच होईल आणि सांधा जागचा हलणार नाही. आजीचं ताक घुसळणं आठवतं का? रवीला दोरीचे दोन वेढे, दोरीचं एक टोक एका हातात, दुसरं दुसऱ्या हातात. उजवा हात ओढतो तेव्हा डाव्यानं सोडायचं असतं, आणि तेही दोरी हातातून निसटू न देता, हवं तेवढंच. डावा हात अडून बसला तर रवी फिरणारच नाही. आजीला कुणी विचारलं असतं की काम कुठला हात करतो, तर तिनं वेड्यात काढलं असतं. काम दोन्ही हातांचं.

चालताना, जिना चढताना, पोळी लाटताना, पेटीवर बोटं फिरवताना आपल्या शरीरात अशा किती रव्या एकाच वेळी फिरत असतात, याची गणतीच नाही.

माकडाचा डोळा

विरुद्ध स्नायूंमध्ये काहीतरी देवघेव असली पाहिजे, ही कल्पना जुनी आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त यांच्या मृत्यूनंतर, १६६२ साली, छापल्या गेलेल्या माणसाच्या शरीरावरच्या ग्रंथात डोळ्याच्या दोन विरुद्ध स्नायूंचा असाच विचार आहे. त्यांना वाटलं की एका स्नायूतला 'प्राण' नळीतून दुसऱ्यात जातो, त्यामुळे एक फुगतो आणि दुसरा रिकामा होतो. कल्पना सुंदर, नळी मात्र सापडली नाही.

खरा उलगडा केला तो इंग्रज शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी. १८५७ साली जन्मलेले हे गृहस्थ पुढे लिव्हरपूल आणि ऑक्सफर्डला प्राध्यापक होते. १९३२ सालचं नोबेल पारितोषिक त्यांना एडगर एड्रियन यांच्याबरोबर मिळालं. दोन मज्जापेशींच्या भेटीच्या जागेला आज सगळं जग 'सायनॅप्स' म्हणतं, तो शब्दही त्यांनीच १८९७ साली रूढ केला.

१८९० च्या दशकात त्यांनी केलेला एक प्रयोग इतका सुटसुटीत आहे की शाळेतल्या मुलांनाही समजतो. प्रत्येक डोळा सहा स्नायू फिरवतात. आपण डावीकडे पाहतो तेव्हा डाव्या डोळ्याचा बाहेरचा स्नायू ओढतो आणि नाकाकडचा सोडतो. शेरिंग्टननी माकडाच्या एका डोळ्याच्या बाकीच्या स्नायूंच्या नसा कापल्या आणि फक्त बाहेरच्या बाजूला ओढणारा स्नायू चालू ठेवला. साहजिकच तो डोळा बाहेरच्या बाजूला खेचलेला राहिला. आता माकडाला विरुद्ध बाजूला, म्हणजे नाकाच्या दिशेला, पाहायला लावलं. त्या दिशेला ओढणारा स्नायू तर निकामी केलेला. तरीही डोळा हलला आणि मध्यापर्यंत आला!

ओढणारं कुणी नसताना डोळा हलला कसा? एकच शक्यता उरते. बाहेर ओढणाऱ्या स्नायूनं आपली पकड सोडली. त्याला 'सोड' असा निरोप आला होता. समोरचा गडी जिवंत आहे की नाही, याची चौकशी न करता तो निरोप निघाला होता. म्हणजे 'ओढ' आणि 'सोड' हे एकाच हुकमाचे दोन भाग होते. शेरिंग्टननी या व्यवस्थेला 'रेसिप्रोकल इनर्व्हेशन' असं नाव दिलं. आपण तिला 'परस्परपूरक निरोप' म्हणू. १९०६ साली निघालेल्या त्यांच्या प्रसिद्ध ग्रंथाचा हा एक मुख्य खांब आहे.

डॉक्टरांची हातोडी

आता माकडाकडून आपल्याकडे येऊ. वार्षिक तपासणीला गेलं की डॉक्टर रबराच्या हातोडीनं गुडघ्याच्या वाटीखाली टकटक करतात आणि पाय उडतो. १८७५ साली एर्ब आणि वेस्टफाल या दोन जर्मन डॉक्टरांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, या झटक्याची नोंद केली. लहान मुलांना याची भारी गंमत वाटते. पण डॉक्टर गंमत करत नसतात. त्या एका टिचकीत ते मज्जारज्जूची झडती घेत असतात.

हातोडीच्या टकटकीनं मांडीचा पुढचा स्नायू किंचित ताणला जातो. स्नायूच्या आत चातीच्या आकाराचे बारीक ताणमापक असतात. ते लगेच खबर पाठवतात. ही खबर सेकंदाला साठ मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेगानं मज्जारज्जूत पोचते. तिथे त्या मज्जातंतूला फांद्या फुटतात. एक फांदी सरळ पुढच्याच स्नायूच्या पेशीकडे जाते आणि म्हणते, 'ओढ!' दुसरी फांदी जाते एका छोट्या मधल्या पेशीकडे. या मधल्या पेशीचा उद्योग एकच, मांडीच्या मागच्या स्नायूला चालवणाऱ्या पेशीला गप्प करायचं. पुढचा ओढतो, मागचा अडवत नाही, पाय उडतो. या सगळ्यात मेंदूला विचारलंही जात नाही. त्याला नंतर कळतं.

इथे एक बारकावा आहे. आपल्या हातापायांच्या स्नायूंना 'सैल हो' असं सांगणारी वेगळी नसच नाही. खेकड्याच्या पायात अशी नस असते, आपल्यात नाही. आपल्या स्नायूकडे फक्त 'ओढ' हाच निरोप जाऊ शकतो. तो यायचा थांबला की स्नायू सैल. म्हणून सोडायला लावायचं असेल तर हुकूम देणाऱ्या पेशीलाच गाठून तिचं तोंड बंद करावं लागतं, आणि हे काम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत होतं. फौजेतल्या शिपायाला थांबवायचं तर आधी सुभेदाराला गप्प करा, तसा हा प्रकार.

आपण स्वतःहून हात हलवतो तेव्हाही मेंदू हीच यंत्रणा वापरतो. मेंदूकडून खाली येणारे तंतू ओढणाऱ्या स्नायूच्या पेशीला जागं करतात आणि वाटेत त्याच मधल्या पेशीलाही बरोबर घेतात. वेगळी यंत्रणा उभारायची गरजच नाही!

मधली पेशी बोलते काय?

ही मधली पेशी दुसरीला गप्प करते म्हणजे नेमकं काय करते, यावर वर्षानुवर्षं वाद होता. शेरिंग्टनचे ऑस्ट्रेलियन शिष्य जॉन एकल्स यांचं ठाम मत होतं की सगळा कारभार विजेचा. दुसरा पक्ष म्हणायचा, नाही, इथे रसायन पाझरतं. १९५१ साली न्यूझीलंडमधल्या डुनेडिन इथे एकल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मज्जारज्जूतल्या पेशीच्या आत अतिशय बारीक काचेची नळी शिरवून प्रत्यक्ष मोजमाप केलं. विजेच्या सिद्धांताप्रमाणे जे दिसायला हवं होतं, त्याच्या उलट दिसलं. एकल्सनी आपलाच सिद्धांत मागे घेतला आणि रसायनवाद्यांना जाऊन मिळाले. १९६३ साली त्यांनाही नोबेल मिळालं. वृद्ध शेरिंग्टन १९५२ च्या मार्चमध्ये वारले, म्हणजे हा निकाल त्यांच्या हयातीतच लागला.

मज्जारज्जूत हे 'गप्प बस' सांगणारं मुख्य रसायन म्हणजे ग्लायसिन. प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी हे सगळ्यांत साधं. आपण खातो त्या डाळीतसुद्धा असतं. इतक्या साध्या पदार्थावर आपली प्रत्येक हालचाल अवलंबून आहे.

काजरा आणि धनुर्वात

एखाद्या गोष्टीची किंमत ती गेल्यावर कळते म्हणतात. ग्लायसिनची किंमत कळण्यासाठी दोन उदाहरणं पुरेत, आणि दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

पहिलं काजऱ्याचं. कोकणात वाढलेल्यांना हे झाड माहीत असेल. नारिंगी फळ आणि आत बटणासारख्या चपट्या, चंदेरी लव असलेल्या बिया. याच बियांना बाजारात कुचला म्हणतात. त्यातलं विष म्हणजे स्ट्रिक्निन. १८१८ साली ते प्रथम वेगळं काढण्यात आलं. हे विष ग्लायसिनचा निरोप घेणारी जागाच अडवून बसतं. 'सोड' असं कितीही ओरडलं तरी ऐकू जात नाही. मग बारीकशा आवाजानं, नुसत्या स्पर्शानं सगळे स्नायू एकदम आवळतात. विरोधी जोड्यांत जो बलवान असेल तो जिंकतो, छातीचे स्नायू आखडून श्वास अडकतो. यातलं सगळ्यांत भयंकर म्हणजे माणूस पूर्ण शुद्धीवर असतो.

आयुर्वेदात कुचला शोधन करून, म्हणजे ठरलेल्या प्रक्रियेनं त्याचा जहालपणा कमी करून, औषधात वापरतात. पण भारतातून येताना कुणीतरी 'सांधेदुखीवर रामबाण' म्हणून दिलेली पुडी, जिच्यावर घटकांची नावंच नाहीत, ती आईला देण्यापूर्वी दहा वेळा विचार करा. आणि देत असाल तर निदान इथल्या डॉक्टरांना सांगा. लपवण्यात काही शहाणपण नाही.

दुसरं उदाहरण धनुर्वाताचं. खेळताना गुडघा फुटला किंवा पायात खिळा गेला की आई हाताला धरून दवाखान्यात न्यायची आणि टीटीचं इंजेक्शन टोचून आणायची. ते कशासाठी, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणखतात असतात. खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही तिथे, ते वाढतात आणि एक विष सोडतात. हे विष नसेतून उलटा प्रवास करत मज्जारज्जूत जातं, त्या मधल्या पेशीत शिरतं आणि तिला ग्लायसिन सोडूच देत नाही. स्ट्रिक्निननं ऐकणाऱ्याचे कान बंद केले, इथे बोलणाऱ्याची जीभच कापली. परिणाम तोच.

जबडा मिटणारे स्नायू उघडणाऱ्यांपेक्षा कितीतरी दांडगे, म्हणून आधी दातखीळ बसते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंना भारी, म्हणून पाठ मागच्या बाजूला कमानीसारखी वाकते. आपल्या पूर्वजांनी हे नेमकं पाहिलं होतं. सुश्रुतसंहितेत याला धनुःस्तंभ म्हटलंय, आणि आपण आजही धनुर्वातच म्हणतो. शेरिंग्टननी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच प्रयोगांत दाखवलं होतं की या दोन्ही विषांनी 'सोड'च्या निरोपाचं रूपांतर 'ओढ'मध्ये होतं. रवीच्या दोरीचे दोन्ही हात एकदम ओढू लागतात.

नाळ कापताना जंतू शिरून भारतात एकेकाळी असंख्य तान्ही बाळं धनुर्वातानं दगावत. गरोदरपणातली लस आणि स्वच्छ बाळंतपण यांमुळे ते चित्र पालटलं. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं मातांच्या आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं भारतातून उच्चाटन झाल्याचं मान्य केलं. पण जंतू मातीतून कुठे जाणार? ते इथल्या बॅकयार्डातही आहेत. अमेरिकेत मोठ्यांना दर दहा वर्षांनी बूस्टर घ्यायला सांगतात. मुलांचं लसीकरणाचं कार्ड आपण जपून ठेवतो. पण आपला स्वतःचा शेवटचा डोस कधी झाला? उन्हाळ्यात सहा महिने राहायला येऊन, मेथी-कोथिंबिरीचे वाफे करण्यात रमणाऱ्या सासूबाईंचा कधी झाला? हे जरूर विचारा.

फुगडीचं गणित

इतकं वाचून वाटेल की दोघांनी एकदम ओढणं हा नेहमी बिघाडच. तसं नाही. फुगडी आठवा. दोघी हात गुंफून मागे रेलतात, दोघीही ओढतात आणि त्या ओढीतच तोल सांभाळला जातो. एकीनं सोडलं की दोघी पडल्याच. मज्जासंस्थेलाही फुगडी येते. सुरुवातीच्या प्रयोगात दंडाच्या दोन्ही बाजू कडक झाल्या, ती फुगडीच. जड पिशवी स्थिर धरायची असेल, सुईत दोरा ओवायचा असेल, धक्का बसण्याची भीती असेल, तेव्हा सांधा घट्ट करण्यासाठी मेंदू दोन्ही विरोधकांना एकदम आवळायला लावतो. अशा वेळी मज्जारज्जूतला तो परस्पर लगाम मुद्दाम ढिला केला जातो, हे माणसांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

या देशातला आपला पहिला हिवाळा आठवतो? ड्राइव्हवेवर बर्फाचा काचेसारखा थर, आणि आपण मान, खांदे, गुडघे सगळं आवळून लाकडी बाहुलीसारखे चाललोय. घरात शिरेपर्यंत अंग दुखायला लागायचं. ती अखंड फुगडी होती. पहिल्यांदा हायवेवर गाडी चालवताना स्टिअरिंगला मारलेली मिठीही तीच. नवीन, अनोळखी, धोक्याचं काही करताना मज्जासंस्था आधी सगळं घट्ट धरते. सराव झाला की हळूहळू एकेक स्नायू मोकळा करते. म्हणून तबल्याचे गुरुजी मुलांना 'हात सैल ठेव' असं वर्षभर सांगत राहतात आणि तो वर्षभरानंच सैल होतो. मुलं ऐकत नाहीत म्हणून नव्हे. सैल सोडणं शिकावं लागतं, आणि बहुतेक वेळा ते शेवटी येतं.

वय वाढलं की ही घट्ट धरण्याची सवय पुन्हा वाढते. पडायच्या भीतीनं आजोबा पाय आवळून चालतात. त्यात शक्ती जास्त खर्च होते, आणि पाय अडखळला तर चटकन पुढे टाकता येत नाही. अशांना 'सावकाश चाला' एवढं सांगून भागत नाही. तोल सांभाळण्याचे व्यायाम, धरायला कठडा, चांगले बूट यांनी भीती कमी होते.

ब्रेक लावणारा लहान मेंदू

झटकन केलेल्या हालचालीत आणखी एक गंमत असते. कॅरमची सोंगटी उचलायला हात पुढे नेलात, तर आधी ओढणारा स्नायू झटका देतो. मग, हात पोचण्याआधीच, विरोधी स्नायू झटका देऊन ब्रेक लावतो. शेवटी पहिला पुन्हा थोडा ओढून हात जागेवर बसवतो. ब्रेक कधी लावायचा हे वेळापत्रक सांभाळण्यात लहान मेंदूचा मोठा वाटा आहे. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या बाजूला गोळी लागलेल्या सैनिकांचा डॉ. गॉर्डन होम्स यांनी बारकाईनं अभ्यास केला. लहान मेंदूला इजा झालेल्या या सैनिकांचा हात ताकदवान असूनही नेमक्या जागी थांबत नसे. डॉक्टर आपल्याला स्वतःचं नाक आणि त्यांचं बोट आळीपाळीनं शिवायला सांगतात ते हा ब्रेक तपासण्यासाठीच.

आणि चालण्याचं काय? 'डावा, उजवा, डावा, उजवा' ही लयदेखील मुख्यतः मज्जारज्जूतच बांधली जाते. शेरिंग्टनच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या थॉमस ग्रॅहम ब्राउन यांनी १९११ साली मांजरांवर दाखवलं की मेंदूशी संबंध तोडलेला, पायाकडून काहीही खबर न मिळणारा मज्जारज्जूसुद्धा पाऊल टाकण्याची आळीपाळी स्वतःच चालवू शकतो. त्यांनी मांडलेली कल्पना अशी, की एकमेकांना गप्प करणारे दोन गट असतात. एक थकला की दुसरा उसळतो.

बाबांचा हात

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मोठ्या मेंदूच्या एका बाजूला स्ट्रोक बसला की मज्जारज्जूवरची वरिष्ठ देखरेख सुटते. सुरुवातीला हात लुळा असतो. पुढे काही आठवड्यांत अनेकांच्या हाताला ताठरपणा येतो. कोपर वाकतं, मूठ मिटते. पायाचा गुडघा मात्र सरळ ताठ आणि चवडा खाली झुकलेला. ताणमापकांच्या साध्या खबरीलाही मज्जारज्जू आता अवाजवी उत्तर देतो आणि विरोधकाला 'सोड' म्हणणारा निरोप क्षीण होतो. काहींमध्ये तर तो उलटाच होतो. बाबा हात सरळ करायला जातात तेव्हा वाकवणारा स्नायूही आवळतो. त्यांनी जितका जोर लावावा तितका हात अडतो. म्हणजे बाबा प्रयत्न करत नाहीत असं नाही. कधी कधी त्यांचा प्रयत्नच त्यांना नडतो.

एक प्रसंग आम्ही एकाहून जास्त घरांत ऐकलाय. बाबांना जांभई येते आणि इतर वेळी न हलणारा हात आपोआप वर उचलला जातो. घरच्यांना वाटतं, "म्हणजे हलतो तर! मग आम्ही सांगितल्यावरच का नाही हलवत?" ही लबाडी नव्हे. वैद्यकशास्त्राला हा प्रकार चांगला ठाऊक आहे. जांभईचा हुकूम वेगळ्या, जुन्या वाटेनं खाली येतो आणि स्वतःच्या इच्छेनं हात हलवण्याची वाट स्ट्रोकनं मोडलेली असते. यावरून बाबांना बोल लावू नका.

मग करायचं काय? आमच्या अनुभवातल्या आणि बहुतेक फिजिओथेरपिस्ट सांगतील अशा काही गोष्टी.

वाकलेला हात कधीही झटक्यानं सरळ करू नका. हा ताठरपणा वेगावर अवलंबून असतो. जितकं जोरात ओढाल तितका स्नायू प्रतिकार करील. सावकाश ताण दिलात, थांबलात, तर तो हळूहळू वाट देतो. रोज, थोडा थोडा, दोन-तीन वेळा. हे सोडलं तर स्नायू खरोखरच आखूड होतात, आणि मग औषधंही फारशी कामाला येत नाहीत.

उठवताना अधू हात धरून ओढू नका, खांदा दुखावतो. कमरेला किंवा पाठीला आधार द्या.

थंडी, दुखणं, लघवीचा संसर्ग, मनावरचा ताण यांनी ताठरपणा वाढतो. एकाएकी वाढला तर डॉक्टरांना कळवा. "सैल सोडा" म्हणून ओरडल्यानं तो नक्कीच वाढतो!

उपचार आहेत. बॅक्लोफेनसारख्या गोळ्या मज्जारज्जूतला 'सोड'चा पक्ष बळकट करतात, पण त्या मनानं एकदम बंद करायच्या नाहीत, त्यात धोका असतो. ठरावीक स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन देऊन त्याची ओढ काही महिन्यांपुरती कमी करता येते. हे बोटॉक्स म्हणजे धनुर्वाताच्या विषाचं जवळचं भावंड. एक मज्जारज्जूत जाऊन 'सोड' बंद करतं आणि दुसरं स्नायूपाशीच बसून 'ओढ' बंद करतं. एक जीव घेतं, दुसरं डॉक्टरांच्या हातात औषध होतं. मात्र इंजेक्शनचा खरा फायदा त्या काही महिन्यांत व्यायाम केला तरच होतो.

आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे कामाचा सराव. हात नुसता वर-खाली करण्यापेक्षा वाटी उचलणं, टॉवेलाची घडी घालणं, पत्ते वाटणं अशी अर्थाची कामं पुन्हा पुन्हा करायला द्या. मज्जासंस्था कामातून शिकते. चुकत, अडखळत, पण शिकते.

बरेच आई-वडील इथे असले तरी त्यांचा विमा नसतो, किंवा फिजिओथेरपीच्या मोजक्याच भेटींचा खर्च मिळतो. अशा वेळी पहिल्याच भेटीत घरी करायचे व्यायाम नीट लिहून घ्या, शक्य असेल तर थेरपिस्टच्या परवानगीनं फोनवर व्हिडिओ घ्या, आणि तो भारतातल्या भावाबहिणींनाही पाठवा. बाबा परत गेल्यावर तिथे कुणाला तरी हे पुढे चालवायचं आहे. बाबांनाही आपल्या हाताचं काय झालंय ते समजावून सांगा. या लेखातला रवीचा दाखला द्या. "तुमचा एक हात ओढतोय, पण दुसऱ्याला सोडायचा निरोपच मिळत नाहीये, तो निरोप पुन्हा बसवायचाय," एवढं सांगितलं तरी पुष्कळ वडीलधाऱ्यांच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा कमी होतो, हे आम्ही पाहिलं आहे.

प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, तेव्हा हा लेख वाचून औषध बदलू नका. ते तुमच्या डॉक्टरांचं काम. पण पुढच्या भेटीत त्यांना चार नेमके प्रश्न विचारता आले, आणि घरी 'सोडत नाहीत'च्या जागी 'त्यांना सोडता येत नाही' असं म्हणता आलं, तरी आमचा हेतू साध्य झाला. घरी अशा रुग्णाची काळजी घेणाऱ्या वाचकांनी आपले अनुभव संपादकांकडे जरूर पाठवावेत. पुढच्या अंकासाठी ते एकत्र करायची आमची तयारी आहे.